दार लावून घ्या

शिराळा,
९ जून १९४६

ति. दादास,

साष्टांग नमस्कार. कागदावर तो घालणं सोपं आहे. समोर असतास तर घातला असता की नाही, सांगता येत नाही. या पत्राला तू उत्तर देणार नाहीस असं धरूनच लिहायला बसले आहे. त्यात एक बरं आहे, मला मधेच कुणी गप्प करणार नाही.

वहिनीला सांग, लोणच्याची बरणी सांगलीपासून मांडीवर धरून आणली, फुटली नाही. इस्लामपूरला मोटार बदलताना एका म्हाताऱ्याने पदराखालच्या बरणीकडे बघून विचारलं, "बाई, पोरगं झोपलंय व्हय?" मी हो म्हटलं. एवढ्यावर त्याने मला बसायला जागा दिली.

निघताना तू बजावलं होतंस, या घरात धोंडुबाईचं नाव पुन्हा काढायचं नाही. आता मी त्या घरात नाही, म्हणून काढते. ती बाळंतपणात जात होती, मूल गेलंच होतं. तू गर्भाशय काढून टाकलंस आणि तिचा जीव वाचवलास. त्या दिवशी तुझे हात पाहून मला वाटलं होतं, या माणसाची बहीण म्हणून आपण डॉक्टर झालो हे किती बरं झालं. मग तू तिच्या नवऱ्याला बाजूला घेऊन सगळं सांगितलंस आणि तिला काही कळू द्यायचं नाही असं तुम्ही दोघांनी ठरवलंत. ती मूल व्हावं म्हणून औषध मागायला येत राहिली. तू तिला लोहाचं टॉनिक देत राहिलास आणि दर खेपेला "बघू या" म्हणत राहिलास. दुसऱ्या वर्षी ती अनवाणी आली. मुलासाठी देवीला नवस बोलून तिने वहाणा सोडल्या होत्या. तिच्या तळव्यांच्या भेगा मी धुतल्या आणि मला राहवलं नाही. मी तिला खरं ते सांगितलं.

ती उठली, गेली, पुन्हा आली नाही. तू म्हणालास, "तू तिची आशा मारलीस." मी म्हणाले, "ती तिची नव्हतीच, तू दिलेली होती." त्यापुढे तू जे बोललास ते इथे लिहीत नाही, वहिनी पत्रं वाचते.

आता इथलं ऐक. दवाखाना म्हणजे एका व्यापाऱ्याने धर्मादाय दिलेल्या तीन खोल्या. कारभार पंचांचा, आणि पंचांचे अध्यक्ष लालासाहेब. मोठे बागाईतदार, फौजेत सुभेदार होते. माणूस सरळ आहे, आवाज मात्र अजून कवायतीचा. माझ्या मदतीला अख्तरबी. ती इथली जुनी सुईण. निम्मं गाव तिच्या हातावर जन्मलेलं, त्यामुळे ती कुणालाही एकेरीत हाक मारते. मला तेवढी "बाईसाब" म्हणते, पण त्यात आदर किती आणि चेष्टा किती हे अजून मला उमगलेलं नाही.

इथे दुखणं एकाचं असतं आणि तोंड दुसऱ्याचं. बाई भिंतीकडे तोंड करून बसते आणि तिला काय होतंय ते नवरा सांगतो, नाहीतर सासू, नाहीतर दीर. सांगलीतही असंच चालतं म्हणा, फक्त तिथे बसायला खुर्च्या असतात. पहिल्या आठवड्यात मी एकीला विचारलं, "काय होतंय?" ती म्हणाली, "त्यांस्नी ठावं हाय." मी म्हटलं, "तुमच्या पोटातलं त्यांना कसं ठाऊक?" तिने जरा विचार केला, म्हणाली, "व्हय की." आणि खुदकन हसली.

त्याच दिवशी मी निजाम सुताराला बोलावलं. आतल्या खोलीला नुसती चौकट होती, त्याने आंब्याच्या फळ्यांचं दार करून बसवलं, आतून कडी लावून दिली. आता नियम असा, की ज्याला दुखतं त्याने एकट्याने आत यायचं. बाकीच्यांनी बाहेर बाकावर बसायचं, मग तो नवरा असो की मामलेदार. अख्तरबी बाकाच्या टोकाला बसून कुणाला हलू देत नाही. गावात कुजबुज आहे, पण बायका आत आल्या की बोलतात. दादा, इतकं बोलतात की मला वाटतं आजवर आपण निम्मी औषधं चुकीच्याच माणसाला विचारून दिली.

तुझी,
गोदू


शिराळा,
१८ ऑगस्ट १९४६

ति. दादास,

सा. न. टपाल खात्याचा संप मिटला, तेव्हा तुझं उत्तर न येण्याला आता ती सबब उरलेली नाही. तरी मी रोज पोस्टमनकडे बघते, आणि तो मला चुकवून पलीकडच्या गल्लीने जातो.

नागपंचमी झाली. गाव पाहुण्यांनी भरून गेलं होतं. घरोघर मडक्यात नाग, बायका पूजेला, पोरं हुंदडताहेत, कुणाला कसली भीती नाही. नाग हातात धरून मिरवणारं हे गाव माझ्या एका फळ्यांच्या दाराला मात्र भितं. हे मी अख्तरबीला म्हटलं तर ती म्हणाली, "नागाला बोलता येत न्हाई, बाईसाब."

सगळं उत्तम चाललं आहे असं लिहिणार होते. तसं एक पत्र लिहिलंही. वाचून पाहिलं तर ते तू धोंडुबाईशी बोलायचास तसं वाटलं, म्हणून फाडलं आणि हे लिहिते आहे.

झालं ते असं. लालासाहेबांची बायको विजयमाला अशक्तपणाची तक्रार घेऊन आली. तिच्याबरोबर तिची सासू शालूबाई. ही बाई म्हणजे गावातलं मोठं प्रस्थ. कपाळावर ठसठशीत गोंदण, कमरेला पानाची चंची, आणि सारखा कोरडा खोकला. नियमाप्रमाणे मी शालूबाईंना बाकावर बसवलं, सुनेला आत घेतलं आणि कडी लावली. विजयमाला बराच वेळ बोलली. काय बोलली ते मी लिहिणार नाही. तू डॉक्टर आहेस, भाऊ आहेस, तरीही नाही.

ती गेल्यावर तासाभराने शालूबाई एकट्या परत आल्या.

"काय म्हणत हुती आमची सून?"

"ते तिलाच विचारा, मावशी."

"तुमास्नी इचारतीया मी. घर माजं, सून माजी. तिच्या पोटातलं मला कळाया नगं?"

"तिने सांगितलं तर कळेल की. मी सांगणार नाही."

"म्या जाऊन लेकाला सांगितलं तर?"

"लालासाहेबांनी विचारलं तरी हेच सांगेन."

मला वाटलं चिडून ओरडतील, त्या नुसत्या माझ्याकडे टक लावून बघत राहिल्या आणि खोकत खोकत पायऱ्या उतरल्या. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी दवाखान्याच्या ओट्यावरच बैठक मारली. येणाऱ्या बाईला थांबवून सांगायच्या, "दार उघडं असलं तर जा. कडी लावून काय सांगायचं असतंय भल्या घरच्या बाईनं?"

मग लालासाहेब आले. आत आले नाहीत, अंगणातूनच बोलले. "बाई, तुमी शिकल्याल्या. तुमच्या मनात काय वाईट न्हाई, मला ठावं हाय. पर गाव बोलतंय. दसऱ्यापातुर दार काढून टाका. न्हाई काढलं तर किल्ली द्या, आमी दुसरा डाक्तर बघतो."

मी म्हटलं बघू. तुझा शब्द नेमका अशा वेळी तोंडात येतो.

आता बायका येत नाहीत. पुरुष येतात, खरूज, ताप, बैलाने मारलेली लाथ. मी दिवसभर बसून औषधाच्या बाटल्या पुसते. अख्तरबी बाकावर एकटीच बसते आणि सवयीने कुणाला हलू देत नाही. दार काढणं सोपं आहे रे, निजाम दहा मिनिटांत काढेल. पण मग मी इथे का आले? तुझ्याकडेच राहिले असते, तिथे निदान विजेचा पंखा होता.

वहिनीला नमस्कार. तिचा निरोप मिळाला की तू माझी पत्रं टेबलाच्या खणात ठेवतोस. फाडत नाहीस हे ऐकून बरं वाटलं.

गोदू


शिराळा,
७ ऑक्टोबर १९४६

ति. दादास,

हे पत्र नीट बसून वाच. पेशंट बघता बघता वाचू नकोस.

दसरा झाला. दार मी काढलं नव्हतं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी लालासाहेब किल्ली न्यायला येणार, असा निरोप होता. मी ट्रंक भरून ठेवली. वहिनीची बरणी धुऊन वर ठेवली. सांगलीला तोंड कसं दाखवायचं याचाच विचार करत होते, खोटं कशाला बोलू.

दुपारी शालूबाई आल्या. मला वाटलं लेकाच्या आधी गंमत बघायला आल्या. अख्तरबी त्यांना अडवायला उठली तर तिला म्हणाल्या, "सरक गं, अख्तर. आज मी दुखणेकरी हाय." सरळ आतल्या खोलीत गेल्या, मला आत ओढलं आणि स्वतःच्या हाताने कडी लावली. लावून पुन्हा एकदा ओढून बघितली.

मग नुसत्या बसल्या. चंची सोडली, पान काढलं, पुन्हा आत ठेवलं. शेवटी म्हणाल्या, "माज्या सुनंनं तुमास्नी काय सांगितलं, ते मी लय खोदून बघितलं. ओट्यावर बसून गावाकडनं बघितलं. लेकाकडनं दम दिऊन बघितला. किल्ली जायाची पाळी आली तुमची, पर तुमी तोंड उघाडलं न्हाई."

"नाही उघडलं."

"मग माजंबी कुणाला सांगणार न्हाई तुमी."

दादा, मी त्या बाईला दोन महिने मनातल्या मनात नको नको ते बोलले होते. ती तोवर मला पारखून बघत होती.

पुढचं लिहायला मी तिची परवानगी घेतली आहे. "तुमच्या भावाला सांगा, पर त्येच्या फुडं न्हाई," असं म्हणाली. तेव्हा हे खणात ठेवू नकोस, वहिनीलाही दाखवू नकोस. वाचून जाळ.

धाकट्या मुलाच्या, मानसिंगच्या बाळंतपणापासून तिचं अंग बाहेर येतं. तो मानसिंग आता फौजेत आहे, यावरून काळ समज. बसताना, उठताना, ओझं उचलताना. फडक्याची घडी करून कमरेला आवळून बांधते आणि तशीच शेतावर जाते, लग्नकार्यात मिरवते. खोकला आला की सगळ्यात जास्त त्रास. मुलाला हे सांगणार कसं? नवरा तर केव्हाच गेला. म्हणून तिने लालासाहेबांना सांगितलं, "खोकल्यानं लय तरास हुतोय." खोटं नव्हतं ते. लालासाहेबांनी आईला कुठे कुठे नेलं. इस्लामपूर झालं, कराड झालं. सगळीकडे लेकाने पुढे होऊन सांगितलं, आईला खोकला आहे. आणि प्रत्येकाने खोकल्याचं औषध दिलं. इतकी वर्षं ती माउली लाल औषध पिते आहे.

घरी किती बाटल्या साठल्या आहेत ते मी बघून आले. देवळीत ओळीने लावून ठेवल्या आहेत, तेलाला, रॉकेलला उपयोगी पडतात. त्यातली एक उचलून बघितली. विश्रामबागेतल्या तुझ्या दवाखान्याची. त्यावर तुझ्या अक्षरात खोकल्याचं मिक्श्चर, दिवसातून तीनदा. तिला तू आठवतोस. म्हणाली, "लय चांगला डाक्तर. पदरावरनंच नळी लावली. माज्याकडं बघितलंबी न्हाई, लालाशीच बोलला." हे ती तुझं कौतुक म्हणून सांगत होती.

मी तपासलं. अंग वर धरायला रिंग बसवून पाहिली, ती टिकत नाही. ऑपरेशनच लागेल आणि ते तूच करावंस. या भागात तुझ्याइतकं ते कुणाला जमत नाही, हे भांडणाच्या दिवशीही मला मान्य होतं.

पण मी तिला एक शब्द दिला आहे. ऑपरेशन काय, कसं, त्यात धोका कोणता, हे तू तिला सांगशील. तिला, लालासाहेबांना नाही. अंगठा तिचा घेशील. आणि ती जेवढं सांग म्हणेल तेवढंच तिच्या लेकाला सांगशील. तुला न विचारता हा शब्द दिला. पाळणार नसशील तर तसं स्पष्ट कळव, मी तिला दुसरीकडे पाठवते.

किल्लीचं राहिलंच. आम्ही आत असतानाच लालासाहेब आले. शालूबाईंनी कडी काढली आणि बाहेर आल्या. ते चकितच झाले. "आई, तू हितं?"

"खोकला दावाया आलती."

"दार लावून?"

"वारं सोसत न्हाई मला," शालूबाई म्हणाल्या. "दार हाय तसंच ऱ्हाऊ दे."

लालासाहेबांनी आईकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मग "बरं" म्हणून टोपी घालून निघून गेले. अख्तरबी पदरात तोंड घालून हसत होती.

गोदू


शिराळा,
११ नोव्हेंबर १९४६

ति. दादास,

तुझं कार्ड मिळालं. इतक्या महिन्यांनी आलेलं पहिलं अक्षर. "पाठव. बाकीचं बघू." त्यावर सही.

या "बघू"ने माझी झोप उडाली आहे. पण शालूबाईंनी कपड्यांचं गाठोडं बांधलं होतं आणि लेकाला सांगितलं होतं, "सांगलीला जायाचं, बायकांचं दुखणं हाय, जादा इचारू नगंस." त्याला काय समजायचं ते समजलं असावं, त्याने मान खाली घालून मोटारीची चौकशी केली. त्यांना थांबवायला माझ्याकडे कारण नव्हतं. काल सकाळच्या मोटारीने दोघं निघाली. हे पत्र त्यांच्या मागोमाग येतं आहे, एखाद दिवस तरी उशिरा पोचेल.

मला भीती वाटते. तुझ्या हाताची नाही, तुझ्या सवयीची. तू चांगला माणूस आहेस म्हणूनच तू लेकाला बाजूला घेशील, त्याच्या खांद्यावर हात ठेवशील, हळू आवाजात सगळं सांगशील. आणि ती कॉटवरून बघत राहील की आपलं झाकलेलं कसं उघडं पडतंय. मग ती बरी होऊन आली तरी त्या दारातून पुन्हा आत येणार नाही, आणि तिच्यामागून या गावातली एकही बाई येणार नाही. आत्ता कुठे त्या पुन्हा यायला लागल्या आहेत. अख्तरबीला दुसरा बाक मागवावा लागला.

परवा वर्तमानपत्रात पेनिसिलीनबद्दल वाचलं. लढाईत हजारो जखमी वाचले म्हणे. आता ते हळूहळू आपल्याकडेही मिळेल, मग क्षयावर काही निघेल, मग आणखी कशावर. आपण म्हातारे होईपर्यंत एक्स-रेहून कितीतरी जास्त, शरीर न उघडता आतलं सगळं दाखवणारी यंत्रं येतील. पेशंटला बघण्याआधीच त्याचे कागद डॉक्टरच्या टेबलावर येऊन पडतील. मला याचा आनंदच आहे, मी काही चुलीपुढे बसून विज्ञानाला नावं ठेवणारी नाही. पण एवढं सगळं आल्यावर खोकल्याचं औषध दुखणं भलतंच असलेल्या बाईला जाणार नाही, हे कोण बघणार? यंत्रालाही कुणीतरी सांगावंच लागेल की कुठे दुखतंय. ते सांगणारी ती स्वतः असेल की तिचा लेक?

माझं असं मत आहे, दादा, की पुढच्या काळात माणसं आपल्याला देव्हाऱ्यातला देव मानणार नाहीत. विचारतील, "डॉक्टर, हे औषध कशाला? नाही घेतलं तर?" तुला वाटेल विश्वास उडाला. मला वाटतं, तेव्हा कुठे तो खरा बसायला लागेल. आज ती आपल्यावर ठेवतात त्याला विश्वास म्हणायचं की दुसरा इलाज नाही म्हणून मुकाट बसणं, हे मी सांगू शकत नाही. दुसऱ्याने ठरवलेलं निमूट सोसायची इथल्या बाईला लहानपणापासून सवय असते, आणि आपण त्या सवयीलाच श्रद्धा म्हणत आलो.

पुरे झालं व्याख्यान. तिला पानाशिवाय राहवत नाही, ऑपरेशनच्या दिवशी चंची काढून घ्यायला सांग. आणि तिच्याशी बोल. एवढं कर. मी तुझ्याकडे आयुष्यात याहून काही मागितलं नाही, डॉक्टरीची फीसुद्धा तू न मागता भरलीस.

गोदू


शिराळा,
२ जानेवारी १९४७

ति. दादास,

शालूबाई परवा आल्या. मोटारीतून स्वतःच्या पायाने उतरल्या. लालासाहेब हात द्यायला पुढे झाले तर म्हणाल्या, "सरक, मला येतंय उतराया." घरी न जाता आधी दवाखान्यात आल्या. बाकावर बसलेल्या बायकांनी जागा दिली, त्या बसल्या नाहीत. मला आत घेतलं आणि कडी लावली.

त्यांनी सांगितलं ते त्यांच्याच शब्दांत लिहिते. तुला माहीत आहे, पण तुझ्याबद्दल तुलाच ऐकवायची संधी मला पुन्हा मिळायची नाही.

"तुमच्या भावानं आदी लालालाच हाक मारली. म्या म्हटलं, झालं, बुडालं. लाला आत गेला, मीबी मागनं गेले. कागद म्होरं ठेवल्याला. लालानं टाक उचलला सही कराया. तुमचा भाऊ त्येच्या हाताकडं बगत बसला. लय येळ बगत बसला. मग म्हणला, 'सुभेदार, तुमी भाईर बसा.' लाला म्हणला, 'सही?' तर म्हणला, 'सही तुमची न्हाई.' लाला गेला भाईर. आन तुमचा भाऊ दार लावाया उठला, तर दार लागंना. किती वरसं उगडंच ऱ्हायल्यालं, रंगानं चिकटून बसल्यालं. वडलं, ढकललं. शेवटाला डाक्तरानं लाथ घातली दाराला."

इथे त्या हसल्या आणि मी इतकी हसले की बाहेरून अख्तरबीने दार वाजवलं.

"मग माज्याम्होरं बसला. खुर्चीवर न्हवं, कॉटंच्या कडंला. म्हणला, 'मावशी, तुमची चंची द्या.' म्या म्हटलं, हा काय पान खातोय काय. त्येनं चंची घेतली, तिला उलटी केली आन दावलं, हे असं हाय, ह्ये खाली उतरलंय, ह्ये म्या काढणार, ह्ये वर बांधणार. माजी चंची घिऊन माजंच पोट दावलं मला. आजपातुर मला ठावंच न्हवतं आत काय हाय ते. मला वाटायचं, कुठलं तरी पाप हाय, ते भाईर येतंय."

"आणि धोक्याचं सांगितलं?"

"सांगितलं की. म्या इचारलं, मरंन काय? त्यो म्हणला, 'बहुतेक न्हाई. पर भीती न्हाईच, असं म्या म्हणणार न्हाई. ताप येतोय, रगत जातंय, एखादी जातीबी.' असं तोंडावर म्हणला." शालूबाईंनी चंची कमरेला खोचली. "बाई, आजवर कुणी डाक्तर माज्या मरणाचं माज्याशी बोलला न्हवता. लेकाशी बोलत्यात. मग म्या म्हटलं, ह्यो मला फसवणार न्हाई. दिला अंगठा."

पाठीत सुई दिल्यावर कंबरेखालची मी माझीच नव्हते, असं म्हणाल्या. आणि म्हणाल्या की तू रोज सकाळी आलास की आधी त्यांना विचारायचास, मग नर्सला. खोकलाही कमी आहे. तो तंबाखूचा होता, हे तू सांगितलंस तेवढं मात्र त्यांना पटलेलं नाही.

जाताना दार उघडून बाकावरच्या बायकांना म्हणाल्या, "चला, एकेक या. आन दार लावून घ्या." लालासाहेब अंगणात उभे होते. मला म्हणाले, "बाई, दाराला रंग लावून घ्या पावसाच्या आदी. पंचांच्या खर्चात धरतो." आणि खालच्या आवाजात, "म्या इतकी वरसं खोकलाच सांगत हुतो." मी म्हटलं, "तुम्हाला जेवढं सांगितलं तेवढंच तुम्ही सांगत होता." ते आईचं गाठोडं उचलून निघाले. आईवर त्यांचा जीव आहे रे.

आता शालूबाईंनी गाठोड्यातून आणलेल्या तुझ्या पत्राबद्दल. ते मी चारदा वाचलं. तू लिहितोस की माझं नोव्हेंबरचं पत्र ऑपरेशन झाल्यावर पोचलं, आणि ऑक्टोबरची माझी अट तू तोवर मान्य केलेली नव्हतीस, म्हणजे लालासाहेबांच्या हातातला टाक तू माझ्या सांगण्यावरून थांबवला नाहीस. हे वाचून मी रडले. खोटं कशाला सांगू. मला वाटत होतं, मी तुला वळवावं. तू आपणच वळलास, हे त्याहून किती बरं झालं.

आणि तू लिहितोस की शालूबाईंसाठी दार लावल्यावर त्या बंद खोलीत तुला धोंडुबाई आठवली, आणि तू तिच्या गावी निरोप धाडलास. ती येणार आहे. तिने कळवलं, खरं काय ते मला ताईंकडून समजलं, पण डाक्तरांनी मला का सांगितलं नाही ते त्यांच्या तोंडून ऐकायचं आहे. तू विचारतोस, मी संक्रांतीला सांगलीला येईन का, आणि त्या वेळी खोलीत तुझ्याजवळ बसेन का, कारण तिला काय सांगावं तुला कळत नाही.

येते, दादा. वहिनीला बरणी परत आणते आहे म्हणावं, भरायला तयार राहा. माझी खोली कुणाला दिली असशील तर मी माजघरात झोपेन.

पण आत बसणार नाही. दुखणं तुमचं दोघांचं आहे, त्यात तिसऱ्याचं तोंड कशाला? मी बाहेर बाकावर बसेन, तिच्या नवऱ्याशेजारी, आणि त्याला हलू देणार नाही. काय सांगावं ते तिच्यासमोर बसलास की कळेल. दार पुन्हा अडकलं तर लाथ घाल, पण लावून घे.

तुझी,
गोदू